पट्ट्याचे दुसरे टोक

रायपूरच्या तेलीबांधा चौकाजवळ ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर ७० किलो वजनाच्या चालकाला रोखण्यासाठी सरासरी साडेदहा हजार न्यूटन बल लागते. एक टनाहून अधिक वजनाएवढे. हे बल पट्टा पेलतो, असे सहज म्हटले जाते. परंतु पट्ट्याला धरतो बोल्ट, आणि बोल्टला धरतो पत्रा.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप रॉकेटच्या घसरगाडीत बसले. ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठून गाडी अवघ्या १.४ सेकंदांत थांबली. सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २० पट, शिखरावर ४६.२ पट. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण स्टॅप वाचले. वर्तमानपत्रांनी वेगाचेच कौतुक केले. नीट बांधलेले शरीर कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक सोसते, ही खरी बातमी होती. स्टॅप यांच्याच आधीच्या प्रयोगमालेत, १९४९ साली, एडवर्ड मर्फी या अभियंत्याने आणलेले बलमापक उलटे जोडले गेले आणि नोंद शून्य आली. प्रसिद्ध 'मर्फीचा नियम' त्यातून रूढ झाला. जोडणीतल्या चुकीचेच ते अपत्य!

त्याच काळात कॅलिफोर्नियातील तरुण विमानांच्या धावपट्ट्यांवर ड्रॅग शर्यती लावत होते. १९५१ साली त्यांची 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन झाली. युद्धानंतर स्वस्तात मिळणारे विमानांचे पट्टे मोटारींत आले. विमानात ते मजबूत सांगाड्याला जोडलेले असत. मोटारीच्या तळाच्या पातळ पत्र्याला जोडले की सारे गणितच बदलते.

खांद्यावरून मागे जाणारा पट्टा जवळजवळ आडवा असेल, तर तो चालकाला मागे धरून ठेवतो. तोच ४५ अंशांनी तळाकडे उतरला, तर दहा हजार न्यूटन ताणापैकी सात हजार न्यूटन खांद्यांवर खाली दाब देतात, आणि तो भार मणक्यांना झेलावा लागतो. १० अंशांवर हाच दाब सतराशेच्या आसपास राहतो. म्हणूनच रोल बारला खांद्यांच्या उंचीवर आडवी नळी जोडून पट्टे तिच्याभोवती गुंडाळण्याची रीत पडली. उलटलेल्या गाडीत छत दाबले जाऊ न देणारा दांडा हार्नेसचाही आधार झाला. मात्र शिरस्त्राण नसलेल्या डोक्याला हीच पोलादी नळी घातक ठरते, त्यामुळे रोजच्या रस्त्यावरील गाडीत हौसेखातर रोल बार बसवणे शहाणपणाचे नव्हे.

लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतही ड्रॅग शर्यती धावपट्टीवरच भरल्या. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाचा नियम सांगतो, की खांद्यांच्या आणि कमरेच्या पट्ट्यांच्या प्रत्येक आधारबिंदूने १,४७० डेकान्यूटन भार सोसावा, आणि नवा बिंदू पाडल्यास पत्र्यामागे निदान ३ मिलिमीटर जाड, ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी लावावी. पोस्टकार्डाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तो तुकडा गाडीबाहेरून कुणालाच दिसत नाही.