किनाऱ्याची तार

जी नौका किनारा सोडून जाण्याकरिताच बांधली जाते, तिच्या पोटातील दूरचित्रवाणीच्या पडद्याला चित्र मात्र किनाऱ्यावरून पुरवावे लागावे, ही गोष्ट वरकरणी विसंगत भासते. परंतु अमेरिकेतील खासगी मोटरनौकांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास ज्याने थोडाबहुत न्याहाळला असेल, त्याला ठाऊक असते की यांपैकी बहुसंख्य नौकांचे आयुष्य खुल्या पाण्यात कमी आणि धक्क्याला दोर बांधलेल्या स्थितीतच अधिक व्यतीत होते. अशा एखाद्या जुन्या नौकेत किनाऱ्यावरील केबलची जोडणी नव्याने बसविणे हे कारागिराच्या लेखी किरकोळ काम असेल. त्या तारेची वंशावळ मात्र किरकोळ नाही.

केबल दूरचित्रवाणीचा जन्मच मुळी एका बंदरात झाला, असे म्हणण्यास आधार आहे. ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदी जेथे प्रशांत महासागराला मिळते, तेथे अ‍ॅस्टोरिया नावाचे मासेमारीचे आणि लाकडाच्या व्यापाराचे जुने गाव आहे. तेथील नभोवाणी केंद्राचा चालक एड पार्सन्स याच्या पत्नीने, ज्यात चित्र दिसते असा रेडिओ आपल्या घरी असावा, असा हट्ट धरला होता. आणि २५ नोव्हेंबर १९४८ रोजी सिअ‍ॅटल शहरी केआरएससी हे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा मध्ये सुमारे २०० किलोमीटरांचे अंतर आणि डोंगर असूनही तो हट्ट पुरविण्याचा मार्ग पार्सन्सला गवसला. त्याने गावातील आठ मजली अ‍ॅस्टर हॉटेलच्या गच्चीवर एरियल उभारले आणि तेथून रस्त्यापलीकडे आपल्या बिऱ्हाडात तार ओढून घेतली. चित्र आले, पण चित्रामागोमाग सारा गाव आला, आणि घरात पाय ठेवण्यास जागा उरेना, तेव्हा तीच तार प्रथम हॉटेलच्या दालनात, नंतर एका वाद्यविक्रेत्याच्या दुकानात आणि अखेर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोहोचविण्यावाचून त्याला गत्यंतर राहिले नाही. मुंबईत एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर लोंबणाऱ्या केबली ज्यांनी १९९० नंतरच्या दशकात पाहिल्या आहेत, त्यांना या पसाऱ्याची रीत अपरिचित वाटू नये.

पेनसिल्व्हेनियातील महानॉय सिटी या खाणगावचा विद्युत्साहित्याचा व्यापारी जॉन वॉल्सन याने मात्र आपण १९४८ च्या जूनमध्येच डोंगरावरील एरियलपासून गावात तार आणली होती, असा अग्रहक्क सांगितला. त्याचे दप्तर पुढे आगीत भस्मसात झाल्यामुळे या दाव्याचा निवाडा कागदोपत्री होणे शक्य राहिले नाही. माझ्या मते मान कोणाचा, यापेक्षा त्या धंद्याला खरे बळ कोठून मिळाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि ते बळ एका सरकारी हुकमातून मिळाले. संघराज्याच्या दळणवळण आयोगाने सप्टेंबर १९४८ मध्ये नव्या दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने तहकूब केले आणि ही तहकुबी एप्रिल १९५२ पर्यंत उठली नाही. परिणामी ज्या गावांना स्वतःचे केंद्र नव्हते, त्यांना दूरच्या केंद्राचे चित्र तारेने आणण्याखेरीज उपाय उरला नाही. मनाईमुळे एखाद्या व्यवसायाची भरभराट व्हावी, याची अशी उदाहरणे विरळा.

ती तार साधी नव्हे. मध्यभागी तांब्याची एक शलाका, तिच्याभोवती विद्युत्‌रोधक आवरण, त्यावर धातूची जाळी आणि सर्वांवर बाहेरची साल, अशा एकाक्ष रचनेचे एकस्व ऑलिव्हर हेविसाइड या विक्षिप्त आणि प्रखर बुद्धीच्या इंग्रज गणितज्ञाने १८८० मध्येच घेतले होते. तिचे दूरसंदेशवहनाला उपयोगी पडेल असे रूप लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांनी सिद्ध केले, आणि त्यांच्या १९२९ च्या अर्जाला १९३१ मध्ये मंजुरी मिळाली. पन्नासांच्या दशकाच्या आरंभी जेरॉल्ड कंपनीतील एरिक विन्स्टन याने या तारेसाठी जो आट्यांचा जोड बनविला, तो आजही घरोघरी दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे आढळतो. त्याची स्वस्ताई एका युक्तीत आहे: त्यात वेगळी टाचणी नसून तारेची स्वतःची मधली शलाकाच टाचणीचे काम करते. कोरड्या दिवाणखान्यात ही युक्ती निर्दोष ठरते; परंतु ती शलाका पुष्कळदा निखळ तांब्याची नसून तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादाची असते, आणि खाऱ्या हवेत उघडी पडली की लवकरच गंजू लागते. नौकेवरील चित्रात मुंग्या दिसू लागल्या की जाणता कारागीर प्रथम हा जोड उघडून पाहतो.

नौकांकडे वळावे, तर महायुद्धोत्तर समृद्धीत अमेरिकेच्या सरोवरांत आणि खाड्यांत मध्यमवर्गीय मालकांच्या मोटरनौकांची जी गर्दी झाली, तिच्यात प्रारंभी मिशिगनमधील क्रिस-क्राफ्टसारख्या कारखान्यांच्या महोगनी नौका होत्या. १९६० मध्ये उत्तर कॅरोलिनातील हाय पॉइंट या, समुद्रापासून दूर असलेल्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या, गावी हॅटरास कंपनीने ४१ फुटांची फायबरग्लासची नौका उतरविली, आणि लाकडाचे युग मावळू लागले. धक्क्यांवर विजेचे खांब आले. खोबणीत घालून फिरवले की अडकणारा हबेल कंपनीचा प्लग आणि ३० वा ५० अँपिअरची जाड पिवळी केबल ही तेथील नित्याची सामग्री झाली. पुढे त्याच खांबावर टेलिफोनची आणि दूरचित्रवाणीची खोबण आली, आणि नौकेच्या कडेलाही झाकणाची तशीच खोबण बसू लागली.

साठांच्या दशकातील नौकेत ही तरतूद क्वचितच असे. असलीच, तर एरियलपासून आलेली ३०० ओहमांची चपटी दुपदरी तार असे, जी ओलाव्याने आणि मिठाच्या थराने निकामी होई. केबलची तार ७५ ओहमांची असल्यामुळे दोहोंमध्ये जुळवणीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा लागे. म्हणून नवी जोडणी करणारा शहाणा मालक जुनी तार तशीच सोडून कडेच्या खोबणीपासून आतल्या दालनापर्यंत नवी एकाक्ष तारच ओढतो. ती इंजिनाच्या उष्णतेपासून आणि विजेच्या केबलींपासून दूर ठेवावी लागते, खोबणीच्या आत तिला खाली झोळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून जोडात न शिरता झोळाच्या तळाशी ठिबकते. आणि डोलकाठीवरील एरियल व किनारा यांतून एकाची निवड करणारी कळ बसवावी लागते. दोन कक्षांत पडदे हवे असतील, तर प्रत्येकाला मूळ संकेताच्या निम्म्याहूनही कमी वाटा मिळतो, याचाही हिशेब आधीच करावा लागतो.

खरा धोका चित्राचा नसून नौकेच्या तळाचा आहे. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही याने ब्रिटिश आरमाराच्या तांबे मढविलेल्या जहाजांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखविले की समुद्रजलात हीन धातू झिजतो आणि श्रेष्ठ धातू वाचतो. तांबे वाचले, पण विरघळणारे तांबेच ज्यांना दूर ठेवीत होते ते शिंपले आता तळाला चिकटू लागले, आणि आरमाराला ते रक्षक काढून टाकावे लागले. धक्क्यावरील नौकांची गोष्ट याच नियमाची आहे. विजेच्या केबलीतील भूसंयोगाची तार शेजारच्या सर्व नौकांच्या पंख्यांना, दांड्यांना आणि जस्ताच्या तुकड्यांना एका मंडलात गुंफते, आणि मग एका मालकाचे जस्त दुसऱ्याच्या कांस्याचे रक्षण करीत नाहीसे होते. यावर उपाय म्हणून भूसंयोगाच्या तारेत गॅल्व्हानिक विलगक घालतात. तो अल्प दाबाचा प्रवाह अडवितो, आणि बिघाडाच्या वेळचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतो. परंतु दूरचित्रवाणीच्या तारेची बाहेरची जाळीही किनाऱ्यावर भूसंयुक्तच असते. ती संचामार्फत वा धातूच्या खोबणीमार्फत नौकेच्या भूसंयोगाला भिडली की विलगकाला वळसा घालणारी दुसरी वाट आपोआप खुली होते. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, असा हा बंदोबस्त ठरतो.

पुढे काळच बदलला. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले. २०१२ मध्ये आयोगाने केबल कंपन्यांना मूलभूत वाहिन्याही कुलूपबंद करण्याची मुभा दिली, आणि नुसती तार खोबणीत फिरवून चित्र मिळण्याची सोय संपत गेली. आता कंपनीची पेटी हवी, नाहीतर धक्क्यावरचा वाय-फाय. तरीही ज्याला आपल्या जुन्या नौकेत ही जोडणी हवीच असेल, त्याने पहिला पैसा पडद्यावर खर्च न करता एकाक्ष तारेसाठी मिळणाऱ्या विलगकावर खर्च करावा, आणि धक्का सोडताना तार काढून खोबणीचे झाकण घट्ट लावावे.