छपराखालचे आकाश

माझा भाचा बसगाड्यांत बसवायची यंत्रे तपासतो. गाडी कुठे आहे हे ती उपग्रहांच्या मदतीने ओळखतात आणि कळवतात. गेल्या महिन्यात त्याच्या कामाच्या जागी गेले होते. तळमजल्यावरची खोली, वर स्लॅब, आकाशाचा तुकडाही दिसत नव्हता. टेबलावर दहा-बारा यंत्रे ओळीने मांडलेली. तरी प्रत्येक यंत्र आपला ठावठिकाणा बिनचूक सांगत होते. पण नकाशावर बघितले, तर सगळ्यांचा ठिपका एकाच जागी, गच्चीच्या कोपऱ्यात!

"मावशी, तिथे आमची अँटेना आहे. ही सगळी तिच्या कानांनी ऐकतात," तो म्हणाला.

ओळीने बसलेल्या दहा मुलांचे उत्तर शब्दशः सारखे आले की आम्ही शिक्षक काय समजायचे ते समजत असू. त्यामुळे हे प्रकरण मला स्वस्थ बसू देईना. घरी येऊन वाचत बसले, तेव्हा कळले की खोट्या आकाशाची ही गोष्ट खऱ्या आकाशापेक्षाही जुनी आहे.

जीपीएसची योजना अमेरिकेत १९७३ साली मंजूर झाली. तिचे प्रमुख होते ब्रॅडफर्ड पार्किन्सन. पहिला उपग्रह वर गेला फेब्रुवारी १९७८ मध्ये. मग त्याआधी जमिनीवरचे रिसीव्हर तपासायचे कसे? उपाय साधा होता. १९७७ साली ॲरिझोनाच्या वाळवंटात, युमा इथे, उपग्रहासारखेच संदेश सोडणारे प्रक्षेपक जमिनीवर उभारले आणि त्यांच्यावरून विमाने उडवली. म्हणजे उपग्रह खाली आणि प्रवासी वर! या प्रक्षेपकांना 'स्यूडोलाइट', म्हणजे नकली उपग्रह, असे नाव मिळाले. आपल्याकडे विश्वामित्राने प्रतिसृष्टी उभारली ती रागाच्या भरात. यांनी ती परीक्षेसाठी उभारली.

पुढे खरे उपग्रह आले. १९९५ साली ही व्यवस्था पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण घरात शिरायची अडचण राहिलीच. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून काही दहा वॅटच्या, म्हणजे घरातल्या दिव्याएवढ्या ताकदीने निघालेला संदेश आपल्यापर्यंत पोचतो, तेव्हा त्याची शक्ती वॅटचा, एकावर सोळा शून्ये देऊन होणाऱ्या संख्येइतकावा भाग, एवढीच उरते. रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही ती कमी असते. त्याची ठरलेली सांकेतिक रचना ठाऊक असते म्हणूनच तो ओळखता येतो. सिमेंटच्या स्लॅबपुढे अशा संदेशाचा काय पाड लागणार?

म्हणून गच्चीवर अँटेना, तिथून खाली केबल, मध्ये आवाज वाढवणारा अँप्लिफायर आणि खोलीत तोच संदेश पुन्हा सोडणारी दुसरी अँटेना. याला रिपीटर म्हणतात. आता सगळी यंत्रे गच्चीच का सांगतात? रिसीव्हर निदान चार उपग्रहांपासूनची अंतरे मोजतो, कारण त्याला चार गोष्टी शोधायच्या असतात : जागेची तीन मापे आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. गच्चीपासून टेबलापर्यंत येताना चारही संदेशांना सारखाच उशीर होतो. सगळ्यांना सारखा झालेला उशीर रिसीव्हर घड्याळाच्या खाती मांडतो. जागा मात्र तीच राहते, जिथे चार वाटा खरोखर एकत्र आल्या ती. थोडक्यात, यंत्र खोटे बोलत नाही. जिथून ऐकले, तिथले सांगते.

दुसरा मार्ग सिम्युलेटरचा. तो संदेश स्वतःच तयार करतो, त्यामुळे हवी ती जागा आणि हवी ती तारीख दाखवता येते. याचे महत्त्व मोठे आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते आणि १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. उद्याची ती मध्यरात्र आजच दाखवून यंत्र गोंधळते का, हे सिम्युलेटरवर बघता येते. रिपीटर मात्र फक्त आत्ताचे आकाश देतो.

शिवाय रिपीटर जपून वापरावा लागतो. जर्मनीत हॅनोव्हर विमानतळावर २०१० साली हँगरमधल्या अशा रिपीटरचा संदेश बाहेर झिरपला आणि बाहेरच्या विमानांचे रिसीव्हर फसले. आपल्या सोयीसाठी आत आणलेले आकाश शेजाऱ्याचे खरे आकाश झाकू शकते. त्यामुळे बऱ्याच देशांत त्यावर परवान्याचे किंवा शक्तीच्या मर्यादेचे बंधन आहे.

भाच्याला फोन करून विचारले, "मग टेबलावर पास झालेले यंत्र रस्त्यावर पास होईलच कशावरून?"

"होईलच असे नाही," तो म्हणाला. "टेबलावर एवढेच कळते की त्याला ऐकू येते आणि गणित येते. पुढची परीक्षा आम्ही गाडीत ठेवून, उंच इमारतींच्या गल्लीतून फिरवून घेतो."

त्या यंत्राला संकटात दाबायचे लाल बटण जोडलेले असते. रात्रीच्या बसमध्ये कोणा मुलीने ते दाबले, तर मदतीला येणाऱ्यांना तिची जागा कळायला हवी, कुठल्याशा गच्चीची नव्हे.

वर्गात पाठ म्हणून दाखवणारी मुले मी पुष्कळ बघितली. धडा समजला की नाही, हे मात्र शाळेबाहेरच कळत असे. यंत्रांचेही तसेच दिसते.