लॉगिन स्क्रिप्ट आणि क्रमाचा घोळ

कार्यालयीन संगणकावर कर्मचाऱ्याने नाव व पासवर्ड देताच ज्या आज्ञा आपोआप चालतात, त्यांच्या यादीला लॉगिन स्क्रिप्ट म्हणतात. १९८०च्या दशकात नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीमुळे ही पद्धत रुळली. सर्व्हरवरील सामाईक फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर देणे आणि प्रिंटर जोडणे ही तिची नित्याची कामे. तेथे सर्व्हरशी संपर्क झाल्याशिवाय लॉगिनच होत नसल्याने स्क्रिप्ट चालताना नेटवर्क हजर आहे हे गृहीतच असे, आणि बिघाड शोधणे म्हणजे बहुधा यादीतली चुकीची ओळ शोधणे असे.

२००१ मध्ये हे गृहीत दोन्ही बाजूंनी ढासळले. त्या वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीने लॉगिन जलद व्हावे म्हणून, पूर्वी येऊन गेलेल्या वापरकर्त्याला संगणकात साठवलेल्या ओळखीवरच आत घेण्याची आणि नेटवर्कची वाट न पाहण्याची सोय केली. त्याच वर्षीच्या आयईईई ८०२.१एक्स या मानकानुसार ओळख पटेपर्यंत स्विचचा पोर्ट, म्हणजे तार जोडण्याची खाच, ओळखपडताळणीच्या संदेशांखेरीज सर्व वाहतूक अडवून धरू लागला. परिणामी वापरकर्त्याची ओळख पटल्याविना नेटवर्क नाही आणि नेटवर्काविना स्क्रिप्ट नाही, असा पेच पडला. स्क्रिप्ट निर्दोष असूनही ड्राइव्ह दिसेनात.

स्क्रिप्टच्या आरंभी काही सेकंदांचा विराम घालणे हा व्यवस्थापकांचा पहिला उपाय मलमपट्टीच होता, कारण विलंब दररोज सारखा नसतो. संगणकाने वापरकर्त्याआधी स्वतःच्या खात्याने ओळख पटवावी, ही यंत्र-पडताळणी अधिक मूलगामी ठरली. मात्र पुढे वापरकर्त्याच्या ओळखीनुसार त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कच्या वेगळ्या तार्किक विभागात, हलवले तर आयपी पत्ता बदले आणि स्क्रिप्ट मध्येच लटके. विंडोज व्हिस्टाने वापरकर्त्याची ही पडताळणी लॉगिनपूर्वीच उरकण्याची मुभा दिली, तेव्हा क्रम बराचसा सुरळीत झाला.

२०१३ मध्ये विंडोज ८.१ने गट धोरणातून, म्हणजे सर्व संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या नियमसंचातून, नेमलेल्या लॉगिन स्क्रिप्ट मुळातच पाच मिनिटे उशिरा चालवायला सुरुवात केली. लॉगिनच्या वेळी डिस्कवर पडणारा ताण टाळण्यासाठी हे केले गेले होते आणि एका धोरणाने ते बंदही करता येई. पण ज्यांना हा बदल ठाऊक नव्हता, त्यांना दोष स्विचमध्ये शोधावासा वाटणे स्वाभाविकच होते.