फाटलेलं चित्र

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला टीव्ही सुरू झाला. आमच्याकडे आला, तेव्हा चित्र वर पळायचं आणि अण्णा सेटचा कान पिळायचे. आता नातू गेम खेळतो, तो जगाला थेट दाखवतो, आणि चित्र मधोमध फाटतं!

त्याचा पडदा सेकंदाला ६० वेळा वरून खाली रंगतो. तो अर्ध्यावर असतानाच कार्ड पुढचं चित्र सरकवतं. मग वर जुन्या चित्रातलं डोकं, खाली नव्यातले पाय! 'व्ही-सिंक'नं कार्डाला थांबायला शिकवलं, पण खेळ रेंगाळू लागला. २०१३मध्ये एनव्हिडियानं 'जी-सिंक' जाहीर केलं : आता पडद्यानंच थांबायचं.

हे सगळं नातवानं खेळ थांबवून मला समजावलं. मी मात्र तेव्हा ओरडायचो, ''अण्णा, लवकर!''