ऑनलाइन दुकानाने फसवले? पैसे परत मिळवण्यासाठी कुठे, कधी आणि कसे जायचे

अशोक विजयादशमी जवळ आली की अमरावती-अकोल्यात पांढऱ्या साड्या, निळे गमचे, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचे ग्रंथ यांची खरेदी सुरू होते. १४ एप्रिलच्या आधीही तेच. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर जाहिराती फिरू लागतात. मूर्ती निम्म्या किमतीत, ग्रंथांचा पूर्ण संच हजार रुपयांत, पण 'आजच पैसे भरा'. पैसे गेले की पान बंद, नंबर बंद, आणि ताई-दादा म्हणून बोलणारा माणूस गायब.

वस्त्यांमध्ये काम करताना अशी माणसे आम्हाला वारंवार भेटतात. बहुतेकांचे उत्तर एकच असते, "जाऊ द्या, गेले तं गेले." रक्कम हजार-दोन हजारांची असते, आणि शिकलेला माणूस फसला याची लाज त्याहून मोठी. रोजमजुरीच्या घरात दोन हजार म्हणजे आठवडाभराचा किराणा, हे मात्र आपण विसरतो. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. म्हणून काय करायचे ते इथे क्रमाने देत आहोत. कार्यकर्त्यांनी हा लेख जपून ठेवावा.

आधी ओळखा : उशीर की फसवणूक?

दुकान खरे आहे, पत्ता आहे, फोन उचलतात, पण वस्तू चुकीची आली किंवा परतावा देत नाहीत, तर तो ग्राहक तक्रारीचा विषय आहे. दुकानच खोटे आहे, पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात गेले आणि संपर्क तुटला, तर तो सायबर गुन्हा आहे. पहिल्या प्रकारात थोडा वेळ असतो, दुसऱ्यात तास मोजावे लागतात. नक्की कळत नसेल, तर गुन्हा समजूनच पुढे जा.

पहिले काम : १९३०

१९३० हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतला राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. बँका आणि पेमेंट कंपन्या या व्यवस्थेला जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते. तिथून रक्कम पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला जाते. वाटेत जिथे पैसे सापडतील तिथे ते रोखून धरले जातात. ठग मात्र काही मिनिटांत पैसे चार खात्यांतून फिरवतो किंवा एटीएममधून काढतो. त्यामुळे 'उद्या बघू' म्हणालो की परत मिळण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

फोन करण्याआधी हे लिहून घ्या :

- तुमची बँक, खाते क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक
- रक्कम, तारीख, वेळ
- व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयचा हा १२ अंकी क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर दिसतो)
- समोरच्याचा यूपीआय आयडी, खाते किंवा मोबाइल क्रमांक
- दुकानाचे नाव आणि वेबपत्ता

तक्रारीचा पोचक्रमांक जपून ठेवा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण भरा. फोन लागलाच नाही तर थेट पोर्टलवरच नोंदवा.

जाहिरात, चॅट, पावती या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

त्याच दिवशी बँक

बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कळवा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कार्डाने पैसे भरले असतील तर 'वस्तू मिळाली नाही' या कारणाने चार्जबॅकची मागणी करा. यात बँक कार्ड कंपनीच्या नियमांप्रमाणे व्यापाऱ्याच्या बँकेकडे पैसे परत मागते. त्याला मुदत असते, म्हणून थांबू नका. यूपीआयने भरले असतील तर ॲपमध्ये त्या व्यवहारावरच वाद नोंदवण्याची सोय आहे, तीही वापरा.

इथे एक फरक नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी परवानगीशिवाय पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. खोट्या दुकानाला मात्र आपण स्वतः पिन टाकून पैसे दिलेले असतात. बँक हेच कारण पुढे करते. म्हणून अर्जात खरे तेच लिहा : 'मी स्वतः पैसे भरले, पण ते फसवून भरून घेतले.' दुकानात कार्डाची माहिती दिल्यानंतर आणखी रक्कम कापली गेली असेल, तर ती वेगळी दाखवा. त्या रकमेसाठी या परिपत्रकाचा आधार घेता येतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. बँकेची लेखी पोच असल्याशिवाय ही पायरी चढता येत नाही.

पोलीस ठाणे

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे. अचलपूर, दर्यापूर, मोर्शी, वरूडसारखे तालुके अमरावती ग्रामीण पोलिसांकडे येतात. अकोला, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर ही ठिकाणे अकोला जिल्हा पोलिसांकडे. जवळच्या ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे पोचक्रमांकासह लेखी तक्रार द्या.

'ठग दुसऱ्या राज्यात आहे, आमची हद्द नाही' असे सांगितले गेले तर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागू होऊ शकते.

रोखलेले पैसे हातात कसे येतात?

रक्कम रोखली गेली की काम झाले असे अनेकांना वाटते. रोखलेली रक्कम आपोआप आपल्या खात्यात येत नाही. अनेकदा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. न्यायालय पोलिसांचा अहवाल मागवते आणि रक्कम परत देण्याचा आदेश बँकेला देते. म्हणून तपास अधिकाऱ्यांना विचारा : किती रक्कम, कोणत्या बँकेत, कधी रोखली?

वकिलाच्या फीच्या भीतीने इथेच लोक थांबतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि सर्व महिला यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना हा हक्क लागू होतो. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हेल्पलाइन १५१००.

दुकान खरे असेल तर

आधी दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी बंगळूरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. नाव-पत्ताच नसलेल्या दुकानाविरुद्ध मात्र आयोगाचा आदेश बजावणार कुणावर? तिथे १९३० आणि पोलीस हाच मार्ग.

दोन धोके

पहिला : पैसे परत मिळवून देतो म्हणणारा माणूस. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबर अनेकदा ठगाचाच असतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. 'रिफंड'साठी क्यूआर स्कॅन करायला, फोनचा ताबा देणारे ॲप टाकायला किंवा आगाऊ फी भरायला सांगितले की फोन ठेवा.

दुसरा धोका आपल्याच मुलांना आहे. लुटलेला पैसा फिरवायला ठगांना खाती लागतात. बेरोजगार पोराला दोन-पाच हजार देऊन त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतले जाते. पोलीस पहिल्यांदा पोचतात ते याच पोराच्या दारात, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीतही तेच आडवे येते. न दिलेले घेणार नाही, हे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. भाड्याने दिलेल्या खात्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला किराणा जात असतो.

कार्यकर्त्यांसाठी

विहाराच्या फलकावर १९३०, १९१५, १५१०० आणि १४४४८ हे चार क्रमांक लिहा. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. कुणी फसल्याचे सांगितले तर 'एवढे कसे कळले नाही?' असे विचारू नका. 'किती वाजता पैसे गेले?' एवढे विचारा आणि लगेच फोन लावून द्या.

जयभीम.