कॉलेजातली दारू : घरात बोलायला हव्यात अशा काही गोष्टी

दारू हराम आहे, हे आपल्याकडे मकतबात जाणाऱ्या सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. अडचण पुढे येते. बारावीनंतर तेच मूल पुणे, मुंबई किंवा नाशिकच्या होस्टेलवर जातं. तिथे फ्रेशर्स पार्टी, कुणाचा वाढदिवस, परीक्षा संपल्याची रात्र, अशा निमित्ताने बाटली समोर येते. बाटलीत नेमकं काय असतं, कायदा काय सांगतो, सोबतचा मित्र बेशुद्ध पडला तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही शिक्षक मंडळी ही माहिती इथे एकत्र देत आहोत.

'बिअर म्हणजे काय दारू आहे का?'

हा समज मुलांमध्ये फार पसरलेला आहे. हिशेबच करून पाहू. 30 मिलीच्या व्हिस्कीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 8 टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत ते सुमारे 41 ग्रॅम भरतं. म्हणजे एक बाटली आणि चार छोटे पेग सारखेच. अशा दोन बाटल्या दोन तासांत संपवणं म्हणजे एका बैठकीतलं अतिमद्यपान.

आपलं यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलच निकामी करू शकतं. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. एका बाटलीला चार ते सहा तास लागतातच. शिवाय मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे या वयातली सवय जास्त खोल जाते.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 आणि कडक दारूसाठी 25 आहे. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांसाठी ती कायद्यानेही बंद आहे. 18 वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यानुसार 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ज्युनिअर कॉलेजच्या मुलाला 'एक घोट घे रे, काही होत नाही' म्हणणाऱ्या सीनियरने हे ध्यानात ठेवावं.

गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्याच गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. एका स्ट्राँग बाटलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

नव्या मुलांना जबरदस्तीने पाजणं ही थट्टा नाही, रॅगिंग आहे. त्याची तक्रार 1800-180-5522 या क्रमांकावर करता येते.

मित्र उठतच नसेल तर

हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नाही, श्वास फार मंद किंवा अडखळत चाललाय, ओठ निळसर, अंग थंडगार, यातलं एकही लक्षण दिसलं तर 'झोपून उतरेल' म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात काही घालू नका, एकटं सोडू नका आणि लगेच 108 ला फोन करा.

इथेच आपल्या घरांचा प्रश्न येतो. 'अब्बूंना कळलं तर घरात घेणार नाहीत' या भीतीने मुलं फोनच करत नाहीत आणि मोलाचा वेळ निघून जातो. गुनाह लपवण्याच्या नादात जीव जाऊ नये.

वालिदैननी काय करावं?

होस्टेलला पाठवण्याआधी एकदा समोर बसवून बोला. हराम का आहे तेही सांगा आणि वरचा हिशेबही सांगा. नकार कसा द्यायचा याची तयारी करून घ्या. 'मी घेत नाही' एवढं वाक्य पुरतं, कारण देत बसायची गरज नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: 'तू किंवा तुझा मित्र संकटात असेल तर रात्री कितीही वाजता फोन कर. आधी जीव वाचवू, बोलणी नंतर.' अशी मोकळीक दिली म्हणजे दारूला परवानगी दिली, असं होत नाही.

पैसे वारंवार कमी पडणं, सकाळची लेक्चर्स बुडणं, घरी यायचं टाळणं असं सलग दिसू लागलं तर आरडाओरडा न करता विचारा. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी 14416 हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. 'लोक काय म्हणतील' म्हणून इलाज पुढे ढकलू नका. सवय नवी असते तेव्हाच ती सोडवणं सोपं असतं.