कोबाल्टचा जोर
आमच्या वैशाली नगरातून कर्करोगाचा रोगी मुंबईला न्यायचा, तर दुर्गला गाडी धरायची. तिथलं टाटा रुग्णालय १९४१चं. किरणोपचारांच्या इतिहासात मला मात्र २००५ साल मोठं वाटतं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचं यंत्र तेव्हा खारघरला बसलं. परदेशी यंत्राचा सुटा भाग येईपर्यंत इलाज अडतो. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या भिलाईला हे वेगळं सांगायला नको!

कोबाल्ट-६०चा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. मग तेवढ्याच मात्रेसाठी रोग्याला दुप्पट वेळ निश्चल पडावं लागतं, बाहेर रांग वाढते. विजेवर किरण निर्माण करणारं लिनॅक अधिक अचूक, मान्य. पण त्याला स्थिर वीज हवी. छोट्या शहरासाठी मी आधी भाभाट्रॉनच मागेन, कोबाल्ट बदलायचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरून.